शुगर, दमा आणि नाकातले कोंब: ऑपरेशन करू का नको करता करता

मी लातूरला मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. दमा लहानपणापासून, शुगर दहा-बारा वर्षांपासून, आणि त्यात आता हे नाकातले कोंब, डॉक्टर लोक पॉलिप म्हणतात ते. आमच्याकडं नाक बंद असणाऱ्या प्रत्येकाला 'हाड वाढलंय' म्हणून सांगतात, माझं हाड थोडं तिरपं होतं खरं पण मेन त्रास हाडाचा नव्हताच. ऑपरेशन करावं का नको यात माझं वर्षाच्या वर गेलं आणि त्या काळात ज्याला विचारावं तो एकतर 'करून टाका, मोकळं व्हा' म्हणायचा नाहीतर 'अजिबात करू नका, परत वाढतंय'. शुगरवाल्या माणसानं काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं म्हणून हे लिहायलोय. मी काही डॉक्टर नाही, माझ्यासोबत काय झालं तेवढंच यात आहे.

मोंढ्यातली धूळ ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन सुरू झालं की चाळणीवर, काट्यावर, वखारीत सगळीकडं फोलपट उडत राहतं, ते संपतं न संपतं तोवर जानेवारीत तूर. नाक बंद, रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचं, सकाळी घसा कोरडाठाक, कपाळ आणि डोळ्यामागं जड. ते सहन केलं असतं पण वास गेला. आमच्या धंद्यात वासाला किंमत आहे राव. पोत्यात हात घालून मूठभर माल नाकाजवळ नेला की कुबट वास येतो का ते कळतं आणि भिजलेला माल तिथंच ओळखू येतो. आता मशीन आलंय, सोयाबीनची हवा, म्हणजे ओलावा, बारा टक्क्याच्या वर दाखवली की भाव कापतात, पण भिजून परत वाळवलेला माल मशीनवर कोरडाच दाखवतो. मालक दोनदा म्हणले, मुनीमजी तुम्ही हा माल पास कसा केला. काय सांगणार.

घरात दूध करपलं तरी मला पत्ता नसायचा. बायको म्हणायची गॅस लीक झाला तर काय करताल, आणि बरोबरच होतं तिचं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात थेंब टाकून, बधिर करून दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर मलाच दाखवलं. पिकलेल्या द्राक्षाच्या आतल्या गरासारखे गुळगुळीत, फिकट, पाणीदार गोळे, दोन्हीकडं, उजवीकडं जास्त. दुखत नाहीत, हात लावला तर कळतसुद्धा नाही. मग सिटी स्कॅन. कपाळाचा सायनस सोडला तर बाकीचे जवळपास सगळे भरलेले. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले. डॉक्टर म्हणले की दमा आणि हे कोंब दोन वेगळे आजार समजू नका, नाकापासून छातीपर्यंत आतलं अस्तर एकच आहे आणि सूज पण त्याच जातीची आहे, वर नाकात ती कोंब होऊन दिसायली आणि खाली दमा होऊन. एक गोष्ट त्यांनी खोदून खोदून विचारली, डोकेदुखीची अंगदुखीची गोळी घेतल्यावर कधी दम उठलाय का. कारण दमा, कोंब आणि ॲस्पिरिनसारख्या पेनकिलरची ॲलर्जी असं त्रिकूट काही लोकांत असतं आणि त्यांचे कोंब लई चिवट असतात, लवकर परत येतात. मला तसं काही नव्हतं. तुम्हाला दमा असंल आणि नाक बंद असंल तर हे आठवून बघा आणि डॉक्टरला सांगा.

मग स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी दुकानात बसलेलो असताना एकदम बारदानाचा वास आला. नवीन पोत्यांची गठडी फोडली होती हमालांनी, तागाचा तो तेलकट रॉकेलसारखा वास, जो कधी कुणाला आवडत नाही, मी उठून पोतं नाकाला लावून बसलो. हमाल हसायला लागले. त्या दिवशी घरी जाऊन डब्यातलं येसर हुंगलं, धने, खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं कळायलं. रात्री नाकानं श्वास घेत झोपलो.

आणि शुगर? सकाळी उपाशीपोटी तपासली तर १३८. मी खुश. पण माझी शुगर बघणाऱ्या एमडी डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सकाळी गोळी घेतली की शुगर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची बघून समाधान मानू नका, संध्याकाळी पाचला बोट टोचा. पाचला ३८४. दुसऱ्या दिवशी ३६० च्या आसपास. तोंडाला कोरड, रात्रभर लघवी. कोर्स संपला, शुगर हळूहळू खाली आली, आणि महिन्या-दीड महिन्यात वास परत गेला. कोंब जागच्या जागी.

इथून खरा पेच सुरू झाला. नाकाला जे अमृत तेच शुगरला विष. वर्षातून दोनच्या वर असे कोर्स लागायले तर दुसरा विचार करावा लागतो असं नाकाचे डॉक्टर म्हणले, आणि एमडी म्हणले मला तर एक पण नको, तुमची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी तपासणी) ९.४ टक्के आहे, डोळ्याचा पडदा आणि किडनी अजून चांगली आहे ती तशीच राहू द्या.

त्यात माझ्या डोक्यात २०२१ बसलेलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आले आणि काळी बुरशी काय करते ते मराठवाड्यानं बघितलं. आमच्या भावकीतल्या एका काकांचा डोळा काढावा लागला, इंजेक्शनसाठी पोरं तीन जिल्हे फिरली होती. त्यामुळं सायनस, शुगर, स्टिरॉइड हे तीन शब्द एका वाक्यात आले की आमच्या घरात रडारड. मी डॉक्टरांना सरळच विचारलं. त्यांनी चिडायच्याऐवजी नीट सांगितलं, की म्युकर म्हणजे ती काळी बुरशी, ही दिवसात पसरणारी गोष्ट आहे, गाल सुन्न होणं, डोळा सुजणं, एकाचं दोन दिसणं, नाकातून काळं येणं, असं काही दिसलं तर रात्री बारा वाजता पण दवाखाना गाठायचा. वर्षानुवर्षं रेंगाळणारे दोन्हीकडचे फिकट कोंब तसे नसतात. पण शुगर सतत तीनशेच्या वर ठेवणं म्हणजे त्या बुरशीला दार उघडं ठेवणं, तेवढी भीती असलेली चांगलीच आहे म्हणले.

नातेवाईकांचं काय सांगावं. एका मामानं बिदरकडच्या कुणाचा पत्ता दिला, नाकात औषध टाकून मांस 'गाळून' पाडतो म्हणे. जाळणारं काहीतरी असतं ते. नाकाच्या छपराच्या वर लगेच मेंदू आणि शेजारी डोळा आहे हे सिटीच्या फोटोत स्वतःच्या डोळ्यानं बघितल्यावर कोण जाईल तिकडं. दाजींनी फुग्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवला, टाके नाहीत चीर नाही. तो पण डॉक्टरांना दाखवला तर म्हणले फुग्यानं सायनसचं तोंड रुंद होतं, कोंब निघत नाहीत, तुमच्या कामाचं नाही. आमच्याकडं एक हमाल आहे, तो नाक मोकळं करायचे मेडिकलवाले थेंब कायम खिशात ठेवतो, दर तासाला दोन थेंब. ते थेंब चार-पाच दिवसाच्या वर वापरले की नाक उलट त्या थेंबावाचून उघडतच नाही. त्याला सांगून थकलो.

तर सगळ्यात आधी ठरलं की गोळ्या बंद, आणि स्टिरॉइड नाकातच द्यायचं. स्प्रे मी आधी पण मारायचो पण डोकं मागं टाकून, जोरात ओढून, सगळं घशात. कुणी शिकवलंच नव्हतं. नर्स मॅडमनी शिकवलं, मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडं न करता बाहेर कानाच्या दिशेला, आणि हळू श्वास. असं केलं की पडद्यातून रक्त येणं पण थांबतं. या स्प्रेतलं औषध रक्तात अगदी नावाला जातं त्यामुळं शुगरला धक्का नाही. पण कोंबानं रस्ताच अडवला असंल तर स्प्रे दारातच राहतो, आत जात नाही.

म्हणून नाक धुणं. दोनशे चाळीस मिली पाणी, अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ, चिमूटभर खायचा सोडा, आणि त्यात बुडेसोनाइड या स्टिरॉइडची ती छोटी प्लास्टिकची कुपी जी खरं तर वाफेच्या मशीनसाठी असते. माझ्या डॉक्टरांनी मला प्रमाण लिहून दिलं होतं, तुम्ही मनानं करू नका. पाण्याचा विषय मात्र सगळ्यांनी ऐकावा. नळाचं, बोअरचं पाणी थेट नाकात घालायचं नाही, त्यात अमिबा असू शकतो जो नाकातून मेंदूत जातो, दुर्मिळ आहे पण झाला तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. उकळून गार केलेलंच. आता लातूरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव हे, आणि आमच्या बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर. मग फिल्टरचं पाणी घ्यायचं, ते उकळायचं, झाकून गार करायचं. बायको म्हणली पिण्यापेक्षा तुमच्या नाकाचं कौतुक जास्त झालंय.

बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीत बाटली दाबायची, दुसरीतून पाणी येतं. यायला पाहिजे. माझ्या डावीकडून आलं, उजवीकडं बाटली लावली की पाणी माघारी. एवढं एक बघितलं की कुठली बाजू बंद आहे ते कळतं. सोयाबीनच्या दिवसात संध्याकाळी धुतलं की पहिलं पाणी मातकट यायचं, किळस येते पण बरं पण वाटतं. झोपायच्या ऐनवेळी धुवू नका, उशीवर गळत राहतं.

काही महिने हे इमानदारीनं केलं. डावी बाजू सुधारली, दमा पण जरा कमी झाला, पंप कमी लागायला. वास आला नाही. उजवी बाजू होती तशीच.

मग दुसरं मत घ्यायला अंबाजोगाईला गेलो, स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजला. आमच्या भागातली जुनी माणसं अजून पुण्या-हैदराबादच्या आधी तिथंच जातात. ओपीडीत गर्दी, उभं राहून पाय दुखले, पण ज्या मॅडमनी तपासलं त्यांनी एक वाक्य असं बोललं की माझा सगळा हिशोबच बदलला. त्या म्हणल्या, काका, ऑपरेशननं तुमचा आजार जाणार नाही, ऑपरेशननं औषधाला रस्ता मिळणार आहे. कोंब काढायचे, सायनसची तोंडं मोठी करायची, म्हणजे हेच धुण्याचं औषध आत पोचंल आणि गोळ्यांची गरज पडणार नाही. परत येतात का? येतात, विशेषतः दमा असणाऱ्यांना. धुणं आणि स्प्रे नंतर पण सोडायचा नाही.

तोवर मी 'बरं होणार का' हे धरून बसलो होतो आणि त्या उत्तरावर कुणीच हो म्हणत नव्हतं म्हणून निर्णय होत नव्हता. आता प्रश्न एवढाच उरला की पुढच्या पाच-सात वर्षात मी स्टिरॉइडच्या गोळ्या किती खाणार, ऑपरेशन करून आणि न करता. हे मला जमतं, आयुष्यभर जमा-नावेच लिहीत आलोय.

नावे बाजू पण लिहिली. पूर्ण भूल, त्यात दमा. डोळा आणि मेंदू शेजारी असल्यानं इजा व्हायची शक्यता, कमी आहे पण आहे, त्यावर सही घेतात. शुगरमुळं जखम भरायला वेळ. खर्च पाऊण लाखाच्या घरात, दुसऱ्या एका ठिकाणी तर नेव्हिगेशनवालं मशीन म्हणून त्याच्या दुप्पट सांगितलं, मला पहिल्यांदाच करायचं होतं, त्याची गरज आहे का विचारलं तर उत्तर गोलमोल. आरोग्य विमा होता पण सायनस आणि नाकाच्या हाडाला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षांचा वेटिंग असतो, माझे ते नुकतेच संपले होते हे नशीब. ज्यांना पुढं कधी करायची वेळ येईल असं वाटतंय त्यांनी आजच पॉलिसीचा कागद काढून वाचा. आणि एक इंजेक्शन पण आहे, डुपिलुमॅब नावाचं, दर दोन आठवड्याला घ्यायचं, त्यानं कोंब बसतात आणि वास पण येतो असं डॉक्टर म्हणले, अमेरिकेत २०१९ पासून कोंबासाठी मंजूर आहे, शुगर वाढवत नाही. किंमत ऐकली आणि चहा मागवला, बिनसाखरेचा.

ऑपरेशन करायचं ठरलं पण एमडी डॉक्टर म्हणले तीन महिन्यांची शुगर आठच्या खाली आणा मग सही करतो. हे सगळ्यात अवघड. मोंढ्यात दिवसभर चहा असतो, शेतकरी आला चहा, व्यापारी आला चहा, नाही म्हणलं तर माणूस नाराज. मी रात्रीचा भात बंद केला, ज्वारीची भाकरी पण मोजून, संध्याकाळी राजीव गांधी चौकापर्यंत पायी. रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं, सुईची भीती होती ती दोन दिवसात गेली. ७.६ वर आलो.

वेळ कुठली धरायची यावर पण खल. सोयाबीनमध्ये सुट्टी मिळत नाही आणि धूळ. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं धडधाकट माणसाचा घोळणा फुटतो, तिथं ऑपरेशन केलेल्या नाकाचं काय. शेवटी आषाढ धरला, पेरण्या झालेल्या, मोंढा थंड, हवेत ओल.

ऑपरेशनच्या आधी सूज आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून परत स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात म्हणले. मी म्हणलं ज्याच्यासाठी पळायलो तेच? पण या वेळी दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, माझ्यासमोर, आणि डोस कमी, दिवस कमी, आणि सकाळच्या गोळीसोबत सकाळीच दुसरं इन्सुलिन, जे दुपारनंतर जोर धरतं. पाचला तपासली, २१० च्या वर गेली नाही. जे पहिल्या कोर्सला कुणी जोडून दिलं नव्हतं. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले तर पेशंटची अर्धी कटकट कमी होते, पण बोलायला लावावं लागतं.

अजून दोन गोष्टी, शुगरवाल्यांनी विचाराच. लघवीतून साखर काढणारी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, ती तीन दिवस आधी बंद केली, कारण उपाशी राहिल्यावर त्या गोळीनं शुगर नॉर्मल दिसत असताना पण रक्तात आम्ल वाढू शकतं. आणि रक्त पातळ करायची गोळी, ती हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच थांबवायची, स्वतः नाही. दम्याचा पंप मात्र ऑपरेशनच्या सकाळी पण घ्यायला लावला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, दहा पासून उलट मोजा म्हणले, मी आठपर्यंत गेलो असेन. हाड पण त्याच वेळी सरळ केलं. शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही नाकपुड्यात पॅक, तोंडानं श्वास, घशात रक्ताची चव. ती रात्र वाईट गेली, पाणी पिताना कानात दडे बसतात, दमेकऱ्याला नाक पूर्ण बंद म्हणजे जीव घाबरा होतो, नर्सनी रात्री दोनदा वाफेचं मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी पॅक काढला. ओढताना वाटतं की एवढं लांब आत होतं कुठं, डोळ्यातून पाणी आपोआप, आणि मग एकदम दोन्हीकडून गार हवा आत.

नंतरचे दोन-तीन आठवडे कुणी नीट सांगत नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. वाकून बुटाची लेस नाही, पोतं तर नाहीच नाही. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन खपल्या काढून घ्यायच्या, ते ऑपरेशनपेक्षा जास्त झोंबतं आणि त्यालाच लोक टाळतात आणि मग आत चिकटतं. खपल्यांचा वास घरच्यांना येतो, मला येत नव्हता, तेवढा फायदा. तपासणीला गेलेल्या तुकड्यात बुरशी निघाली नाही. तो कागद मी काकांच्या घरी नेऊन दाखवला.

वास हळूहळू आला. आधी फिनेल, मग डिझेल, मग पावसात भिजलेली पोती. येसराचा पहिल्यासारखा सगळा अजून नाही, धने कळतात, दगडफूल कळत नाही. दम्याचा पंप निम्म्यावर आलाय. स्टिरॉइडची एकही गोळी त्यानंतर लागली नाही आणि मागच्या तपासणीत तीन महिन्यांची शुगर ७.३ होती.

त्याच तपासणीत दुर्बिणीत उजवीकडं वरच्या कोपऱ्यात परत थोडी सूज दिसली. डॉक्टरांनी ज्वारीच्या दाण्याएवढी दाखवली स्क्रीनवर. धुण्याचं औषध एकदाच्या ऐवजी दोनदा केलंय. मालकांना सांगून टेबल काट्यापासून हलवून आतल्या खोलीत घेतलंय, माल बघायला बाहेर जावंच लागतं तेव्हा एन-९५ मास्क लावतो, पोरं म्हणतात मुनीमजी कोरोना परत आला का. सोयाबीन पुढच्या पंधरवड्यात सुरू होईल, त्यानंतर दिवाळी झाली की परत दुर्बीण.